साडेसातची पंगत

गुलाबाच्या काट्यांवर आजवर भरपूर तत्त्वचिंतन झाले आहे. सौंदर्याला संरक्षण हवे, सुखाबरोबर दुःख यायचेच, वगैरे. ज्यांनी हे चिंतन केले त्यांनी रात्री बॅटरी घेऊन गुलाबाचे झाड पाहिलेले नसावे. काटा माणसाच्या बोटाला टोचतो, बकरीच्या जिभेलाही टोचत असेल. भुंगेरा मात्र त्याच काट्याला मागचे पाय अडकवतो, पुढच्या पायांनी पान धरतो आणि स्वस्थपणे जेवायला लागतो. गुलाबाने पिढ्यान्‌पिढ्या खपून जे शस्त्र तयार केले, त्याचा शत्रूने बसायला पाट करून घेतला आहे.

हे दृश्य कुठल्याही गावी दिसेल, पण बंगळुरात ते जास्त जिव्हारी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंची, हवा बाराही महिने समजूतदार. त्यामुळे इथे गुलाब लावला की तो येतो, आणि तो आला की लावणाऱ्याला आपल्या हाताला गुण आहे असे वाटू लागते. हैदर अलीने 1760 साली लालबागेचा पाया घातला तेव्हापासून शहराला फुलांचा नाद आहे. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन इथे झेंड्याइतकेच लालबागेतल्या काचघरातल्या पुष्पप्रदर्शनाने साजरे होतात. शहराबाहेर हेसरघट्ट्याला भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. तिने ‘अर्का सावी’, ‘अर्का परिमला’ अशा नावांचे गुलाब काढले. हेब्बाळला फुलांचा लिलाव चालतो. फेब्रुवारी उजाडला की आसपासच्या पॉलिहाऊसमधले लांब दांड्यांचे गुलाब विमानात बसून परदेशी प्रेमिकांकडे रवाना होतात. अशा गावात आपल्या कुंडीतल्या गुलाबाची पाने चाळणी झालेली दिसली, तर ती बागेची बाब राहत नाही, घराण्याची होते.

त्यात आम्ही मराठी. बंगळुरात राहणारा मराठी माणूस ओळख झाल्याच्या पाचव्या मिनिटाला शहाजीराजांची जहागीर काढतो. समोरचा कन्नडिग सभ्य असतो, तो मान डोलावतो. तीच जहागीर पुढे व्यंकोजीराजांच्या काळात 3 लाख रुपयांच्या सौद्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेली, हा उत्तरार्ध आम्ही सहसा सांगत नाही. आज तेवढ्या पैशांत मल्लेश्वरमला मोटार उभी करायलाही जागा मिळायची नाही. आमच्या वाट्याला जहागीर म्हणून आली ती इमारतीच्या कुंपणालगतची गुलाबाच्या कुंड्यांची रांग. आणि तिच्यावर दरवर्षी एप्रिल-मेमध्ये, वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की, स्वारी होते.

स्वारीची वेळ ठरलेली. माती भिजली की संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जमिनीतून तपकिरी भुंगेरे वर येतात. बंगळुरात वेळेवर पोहोचणारे बहुधा तेवढेच. सिल्क बोर्डच्या चौकात अर्धे शहर इंजिन चालू ठेवून बसलेले असते, त्या वेळी हे मातीतून निघून, एकही सिग्नल न लागता, पानावर हजर होतात. तिथेच लग्ने जुळतात, तिथेच जेवणे होतात. पंगत पहाटेपर्यंत चालते आणि उजाडायच्या आत सगळे पुन्हा मातीत. सकाळी चहाचा कप घेऊन आपण बागेत जातो तेव्हा आपल्याला दिसते ते उष्टे.

पंगतीला येणारे सगळे एका घरचे नसतात. पानाला भोके पाडून नुसत्या शिरा ठेवणारा, सेंटिमीटरभर लांबीचा तो अडोरेटस. तो दिवसा त्याच कुंडीच्या मातीत झोपतो, म्हणजे प्रवासखर्चही नाही. त्याच्याहून थोराड, तो हुमणीचा भुंगेरा. दिवसपाळीला येतात ते पुष्पभुंगेरे, लाल-काळ्या नक्षीचे. पाठीचे कवच न उघडता बाजूच्या फटीतून पंख काढून ते उडतात, थेट फुलात उतरतात आणि परागाबरोबर पाकळ्याही चाखतात. कवींच्या भ्रमराने फुलाभोवती गुंजारव करून निघून जायचे असते; हे गृहस्थ आत शिरून दार लावून घेतात. चौथा पाहुणा काळा, अंगावर नारिंगी पट्टे, चालण्यात मिजास. त्याला हात लावला तर तो अंगातून असे काही सोडतो की कातडीवर फोड येतो. गंमत अशी की याच महाशयांचे बालपण अत्यंत सत्शील असते. अळी असताना ते मातीतली नाकतोड्यांची अंडी खाऊन शेतकऱ्यावर उपकार करतात. वय वाढल्यावर, पंख फुटल्यावर, चांगल्या वस्तीत आल्यावर ते बिघडतात. या इतिहासाचे आमच्या इमारतीतल्या कुठल्याही पालकाला आश्चर्य वाटले नाही.

इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाळणी झालेल्या पानाचा फोटो टाकला की रोगाचे निदान होत नाही, सल्लागारांचे होते.

तळमजल्यावर निवृत्त कर्नल राहतात. त्यांच्या मते वाटाघाटींचा काळ संपलेला आहे. ते एका बाटलीचे नाव कळवतात, जिच्यावर लाल त्रिकोण छापलेला असतो आणि फवारल्यावर मुलांना, कुत्र्यांना व शक्यतो शेजाऱ्यांना दूर ठेवायचे असते. त्यांनी स्वतःच्या कुंड्यांवर हा प्रयोग केला. भुंगेरे त्या रात्री कमी झाले. त्यांच्याबरोबर मधमाश्या गेल्या, मावा खाणारे ढालकिडे गेले, आणि लाल कोळ्यांवर वचक ठेवणारे सगळे चिमुकले शिकारी गेले. मग कोळ्यांनी पानांच्या पाठीवर जाळी विणून संसार थाटले. कोळी हा कीटक नसल्यामुळे कीटकनाशकाने त्याची फारशी गैरसोय होत नाही. कर्नलसाहेब आता कोळ्यांसाठी वेगळी बाटली शोधत आहेत. युद्धे अशीच लांबतात, असे तेच आम्हाला पूर्वी सांगत.

पहिल्या मजल्यावर सर्वसेंद्रिय वहिनी आहेत. त्यांनी गच्चीवरच्या बागेचे शिबिर केले आहे. या शहरात गच्चीवरची भाजी लोकप्रिय केली ती डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी, आणि ते कृषी विद्यापीठात कीटकशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणजे बंगळुराला बागकाम शिकवले तेच मुळी किड्यांच्या जाणकाराने. शिष्यांनी त्यातली बाग तेवढी घेतली, किडे वर्गातच सोडून आले. वहिनींकडे लसूण-मिरचीचे पाणी, आंबट ताक, हिंग, राख आणि फिल्टर कॉफीचा चोथा यांच्या बाटल्या आहेत. या सगळ्यांचा गुलाबावर इष्ट परिणाम होवो न होवो, जिन्यात मात्र कुणाच्या घरी काय शिजतेय हे ओळखणे अशक्य झाले आहे. त्यांचे ब्रह्मास्त्र म्हणजे कडुनिंबाचे तेल. माव्याला, फुलकिड्यांना, कोवळ्या अळ्यांना ते आवडत नाही, हे खरे. वहिनींनी ते भुंगेऱ्यांवरही मारले.

दुसऱ्या मजल्यावरचे सॉफ्टवेअर दांपत्य प्रत्येक प्रश्नाला अ‍ॅप काढते. त्यांनी भुंगेऱ्याचा फोटो अ‍ॅपला दाखवला. अ‍ॅपने पूर्ण आत्मविश्वासाने तो ढालकिडा ठरवला आणि त्याला मारू नका, तो मित्र आहे, असा संदेश दिला. नंतर खऱ्या ढालकिड्याच्या अळीचा फोटो दाखवला, तर तो पिठ्या ढेकूण निघाला, ताबडतोब नष्ट करा. इथे अ‍ॅपची अगदीच चूक नव्हती. क्रिप्टोलेमस नावाचा एक ढालकिडा आहे. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके वाढवून हुबेहूब पिठ्या ढेकणाचे सोंग घेते, त्यांच्या वस्तीत राहते आणि त्यांनाच खाते. कॉफीच्या मळ्यांवरील खवले किडीच्या बंदोबस्तासाठी हा साध्या वेशातला पोलीस 1898 साली ऑस्ट्रेलियातून आणला गेला. बंगळुरात प्लेग आला तोही 1898 मध्ये, आणि त्याच प्लेगपायी गजबजाट सोडून मोकळ्या हवेत राहण्यासाठी मल्लेश्वरमची वस्ती उभी राहिली. म्हणजे आमचा मोहल्ला आणि तो किडा एकाच सालचे. त्याला इथला जुना रहिवासी मानायला हरकत नव्हती, पण अ‍ॅपला स्थानिक इतिहास येत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणाने गच्चीवर जांभळ्या प्रकाशाचा सापळा लावला: दिवा, खाली घमेले, घमेल्यात पाणी. प्रकाश सापळा ही खोटी गोष्ट नव्हे. महाराष्ट्रात कृषी खाते हुमणीच्या भुंगेऱ्यांसाठी तो लावायला सांगते. पण गावाने मिळून, पहिल्या पावसानंतर, संध्याकाळच्या त्या दोन तासांत. एकट्याने, हौसेने, रात्रभर लावला की अख्ख्या गल्लीतल्या भुंगेऱ्यांना पत्ता कळतो. ते निघतात दिव्याकडे आणि वाटेत गुलाब दिसला की म्हणतात, आधी जेवून घेऊ. अमेरिकेत हा धडा फार महाग पडला आहे. तिथे 1916 साली न्यू जर्सीतल्या एका रोपवाटिकेत जपानी भुंगेरा सापडला. पुढे त्याने गुलाबांचे इतके हाल केले की वासाचे पिवळे सापळे बाजारात आले आणि घरोघर टांगले गेले. मग तज्ज्ञांनीच सांगितले की सापळा पकडतो त्याहून अधिक भुंगेरे बोलावून आणतो. आमच्या तरुणाच्या घमेल्यात सकाळी पाकोळ्या होत्या, चिलटे होती आणि भुंगेरे अगदी शिष्टाचारापुरते होते.

माझ्या नवऱ्याने यातले काहीच केले नाही. तो निवृत्त अभियंता आहे, त्यामुळे त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला. कुंडी क्रमांक, पानांची संख्या, भोकांची संख्या, पाऊस, शेरा. तक्ता इतका सुंदर झाला की भुंगेरे थांबू नयेत असे त्याला मनातून वाटत असावे.

प्रकरण शेवटी सर्वसाधारण सभेत गेले. सेक्रेटरींनी विषयपत्रिकेत ‘कीटक उपद्रव’ असा मुद्दा घेतला, पार्किंग आणि पाण्याच्या टँकरच्या मधोमध. भुंगेऱ्यांचा बंदोबस्त ही सामायिक जबाबदारी की कुंडीमालकाची? ते कुंडीत झोपतात, म्हणजे मालकाचे; पण हवेतून येतात, आणि हवा सामायिक. चर्चा रंगली. इतिहासात आमच्यापुढे एकच सभा गेलेली आहे. 1320 साली फ्रान्समधल्या अ‍ॅव्हिन्यों गावी भुंगेऱ्यांवर रीतसर खटला भरला होता. न्यायालयाने हुकूम केला की तीन दिवसांच्या आत त्यांनी नेमून दिलेल्या जागेत निघून जावे. सुनावणी झाली, निकाल वाचून दाखवला गेला. भुंगेरे गेले नाहीत. मग लोकांनी ते हाताने वेचले आणि मारले. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी कायदा, धर्म आणि वक्तृत्व हे तिन्ही उपाय वापरून झाल्यावर माणूस ज्या उपायाशी आला, त्याचे नाव हात. आमच्या सभेने हा उपाय चर्चेलाही घेतला नाही. उपसमिती नेमली.

त्या पंधरवड्यात माझ्या सासूबाई कराडहून आल्या. त्यांचे अर्धे आयुष्य उसाच्या शेतात गेलेले. त्यांनी तक्ता पाहिला नाही, अ‍ॅप पाहिले नाही. एक मरगळलेली कुंडी सरळ वर्तमानपत्रावर उपडी केली. मातीतून पांढऱ्या, गुबगुबीत, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या लोळत बाहेर आल्या.

“हुमणी,” सासूबाई म्हणाल्या.

“गोण्णे हुळ,” आमचा माळी म्हणाला. तो मंड्याकडचा, म्हणजे तोही उसाच्या मुलखातला.

पुढचा अर्धा तास हे दोघे अळीवर बोलत होते. सासूबाईंना कन्नड येत नाही, माळ्याला मराठी येत नाही आणि कुणाचे काही अडले नाही. एवढा सुसंवाद बेळगावच्या प्रश्नावर आजवर झालेला नाही. निष्कर्ष असा निघाला की वर पान खाणारा आणि खाली मूळ खाणारी हे एकाच घरातले बाप-लेक आहेत. भुंगेऱ्याची मादी मातीत अंडी घालते, अळी पावसाळाभर आणि त्यापुढेही मुळे कुरतडत मोठी होते, मातीतच कोष करते, आणि तयार झालेला भुंगेरा पुढच्या वळवाच्या पावसापर्यंत आतच बसून राहतो. वर्षाला एक पिढी. आम्ही सगळे वरच्या मजल्याशी भांडत होतो, भाडेकरू तळघरात होते. आणि त्यांना घरात आणले होते कच्च्या शेणखताने, जे आम्ही पैसे मोजून, चांगले म्हणून, घरपोच मागवले होते.

“कडुनिंबाचं तेल मारलंय,” वहिनी तत्परतेने म्हणाल्या.

सासूबाईंनी त्यांच्याकडे फार मायेने पाहिले. “अगं बाई, कडुनिंबच तर खातो तो! आमच्याकडं पहिला पाऊस झाला की लिंबाच्या आणि बाभळीच्या झाडावर लगडतात. झाड गदगदा हलवायचं, खाली पडलेले वेचायचे, रॉकेलच्या पाण्यात टाकायचे.”

वहिनींनी भुंगेऱ्याच्या ताटात त्याची आवडती चटणी वाढली होती, हे ऐकून जिन्यात काही काळ शांतता पसरली.

सासूबाईंनी आणखी एक चाचणी दाखवली, तिला मी चारित्र्य पडताळणी म्हणते. कुंडीतली प्रत्येक गुबगुबीत अळी गुन्हेगार नसते. पुष्पभुंगेऱ्याच्या अळ्या कुजका पालापाचोळा खाऊन त्याचे उत्तम खत करतात. ओळखायचे कसे? अळी गुळगुळीत फरशीवर ठेवायची. पोटावर नाहीतर कुशीवर वळवळली तर ती मुळे खाणारी. पाठीवर उताणी होऊन, पाय आकाशाकडे करून, तरीही ताठ सरळ पुढे चालू लागली तर ती खतवाली. तिला सन्मानाने कंपोस्टच्या टोपलीत सोडायचे. पाय असून त्यांचा उपयोग न करता पाठीवर चालणारा प्राणी प्रामाणिक निघावा, हे जगाच्या रीतीशी जुळत नाही, पण शास्त्र तसे आहे.

दोषी ठरलेल्या अळ्यांचे काय? गावाकडे उन्हाळ्यात जमीन नांगरली की अळ्या उघड्या पडतात आणि साळुंक्या, बगळे, कावळे बाकीचे पाहतात. आम्ही बाल्कनीत माती पसरली. साळुंक्या आल्याही, पण बाहेरच बसल्या. कारण बंगळुरातल्या बाल्कनीला कबुतरांची जाळी असते. तिच्या भोकांतून भुंगेरा पंख पसरून आत येतो आणि भुंगेरा खाणारा पक्षी बाहेर राहतो. एवढी नेमकी व्यवस्था भुंगेऱ्यांना स्वतःला सुचली नसती.

शास्त्राने मात्र आपले काम केलेले आहे, आणि तेही घरापासून थोड्या अंतरावर. हेब्बाळला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आहे. तिथल्या मंडळींनी हुमणीसाठी सूत्रकृमींची भुकटी तयार केली आहे. हे डोळ्यांना न दिसणारे कृमी पाण्यातून कुंडीत सोडायचे. ते मातीत हुमणीला शोधून काढतात, तिच्या अंगात शिरतात आणि आपल्या पोटातले जिवाणू तिच्या रक्तात सोडतात. एक-दोन दिवसांत अळी मरते आणि विटकरी लाल होते. दुसरा उपाय मेटारायझियम बुरशीचा. ती अळीच्या कातडीतून आत शिरते आणि शेवटी तिच्यावर हिरवी शाल पांघरते. या बुरशीचा किडींवर उपयोग करण्याचा विचार 1879 साली रशियन शास्त्रज्ञ मेच्निकोव्ह यांनी गव्हावरच्या भुंगेऱ्यांच्या बाबतीत मांडला. याच मेच्निकोव्हना पुढे 1908 साली शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील कामासाठी नोबेल मिळाले, आणि याच मेच्निकोव्हनी म्हातारपण लांबवायचे तर दही खा, असे युरोपला पटवले. भुंगेऱ्याचे आयुष्य कमी करणारा आणि दहीभात खाणाऱ्याचे वाढवणारा माणूस एकच. लालबागेत त्यांचा पुतळा नाही, हा दक्षिण भारताचा कृतघ्नपणा आहे.

पण हे उपाय मातीतल्या अळीचे. कुंडीत ओल हवी, कडक ऊन नको, थोडी कळ काढायला हवी. उडून आलेल्या भुंगेऱ्याला कुठल्या कुंडीत काय घातले आहे याच्याशी कर्तव्य नसते. त्याच्यासाठी सासूबाईंनी मोरीतला प्लास्टिकचा मग आणला. मगात पाणी, पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. साबण यासाठी की त्याने पाण्याचा ताण मोडतो आणि भुंगेरा तरंगत न राहता बुडतो. साडेसातनंतर बॅटरी घेऊन जायचे, नाहीतर अगदी पहाटे, जेव्हा ते गारठून सुस्त असतात. मग फांदीखाली धरायचा आणि फांदीला टिचकी मारायची. संकट आले की हातपाय सोडून खाली पडायचे आणि मेल्याचे सोंग करायचे, ही भुंगेऱ्याची परंपरागत युक्ती. खाली गवत असते तोवर ती उत्तम चालते. खाली मग असेल तर सोंग खरे होते. पट्टेवाल्यासाठी हातमोजे घालायचे. ज्या कळीवर फारच जीव असेल तिला जुन्या ओढणीच्या जाळीदार कापडाची पिशवी बांधायची. फूल बघण्यासाठी लावायचे आणि ते उमलले की झाकून ठेवायचे, हे ज्यांना विसंगत वाटते त्यांनी आपल्या घरातले सोफ्याचे कव्हर आठवावे.

उपाय लागू पडला. दर संध्याकाळी मग खाली येई, दर संध्याकाळी भुंगेरे कमी होत. तरीही इमारतीत मगाचा प्रसार झाला नाही, आणि मला वाटते बागकामातली खरी अडचण हीच आहे. मगाला नाव नाही. त्याची पावती मिळत नाही, ती दाखवून ‘आम्ही अमुक वापरतो’ असे म्हणता येत नाही. बाटलीवर जोखीम लिहिलेली असते, दशपर्णी अर्काला दहा पाने लागतात, अ‍ॅपला अपडेट येते. मगाला फक्त तुम्ही लागता, रोज, त्याच वेळेला, मालिका सोडून. कर्नलसाहेब एकदा बाहेर आले, थोडा वेळ पाहून म्हणाले, “धिस इज नॉट अ सोल्यूशन.” साबणाच्या पाण्याला सोल्यूशन म्हणत नाहीत, तर मग कशाला, हे विचारायच्या आधीच ते घरात गेले.

जूनअखेर पाने अखंड झाली. कळ्या धरल्या, उमलल्या. लाल, गुलाबी, आणि तो फिकट, वासाचा पन्नीर गुलाब, ज्याला इथे हारांत मान असतो. नवऱ्याने तक्त्यात भोकांच्या रकान्यात शून्य भरले आणि हातात चहा घेऊन सकाळी सातला खाली गेला.

झाडांवर एकही फूल नव्हते.

बागेला दुसरी पाळी असते, ती पहाटे साडेपाचची. पांढरे बूट, कानटोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. सगळे फिरायला निघालेले असतात आणि सगळ्यांच्या घरी देव असतो. श्रावणात वरमहालक्ष्मीच्या आधी के. आर. मार्केटमध्ये फुलांचे भाव चढले की या पाळीची हजेरी वाढते. पुढच्या गल्लीतल्या अज्जींनी कुंपणावरून हात घातलेला असताना मी त्यांना गाठले. त्यांनी माझ्याकडे प्रसन्नपणे पाहिले, “देवरिगे, मगा,” म्हणजे देवासाठी गं बाळ, म्हणाल्या आणि आणखी एक तोडले. यांना फांदी झटकून साबणाच्या पाण्यात पाडता येत नाही. यांच्यावर सूत्रकृमी चालत नाहीत. यांच्याविरुद्ध अ‍ॅव्हिन्योंमध्येसुद्धा खटला उभा राहिला नसता, कारण फिर्यादी स्वतःच शेजारच्या गल्लीतून जास्वंद आणत होता.

नवरा तक्त्यासमोर बसला. मग त्याने मागच्या महिन्यांचे रकाने काढले आणि त्याला काहीतरी चमत्कारिक दिसले. भुंगेरे भरात होते तेव्हा दिवसा झाडावर फुले होती. कुरतडलेली, एखाद्या पाकळीला अर्धचंद्र पाडलेली, पण होती. आता भुंगेरे नाहीत आणि फुलेही नाहीत. कोडे सासूबाईंनी सोडवले. किडके फूल देवाला चालत नाही. अज्जी पहाटेच्या उजेडात फूल फिरवून बघतात, पाकळीला भोक दिसले की सोडून देतात. पुष्पभुंगेऱ्याने दिवसा घेतलेला एक चावा ही त्या फुलाची दुसऱ्या दिवसाची राखण होती.

तेव्हा घरात ठराव झाला आहे. मागच्या रांगेला, जी रस्त्यावरून दिसत नाही, मग रोज दाखवायचा. कुंपणाकडच्या रांगेला दाखवायचा नाही. त्या कुंड्या राखणदारांच्या. खाणाऱ्याने पाकळीभर खावे आणि बाकीचे फूल आमच्या डोळ्यांसाठी झाडावर ठेवावे, एवढा व्यवहार भुंगेऱ्याला जमतो. त्याच्या पोटाला मर्यादा आहे, पिशवीला नाही. यंदा वळीव लांबला, एप्रिल कोरडा जाऊ लागला, तसा नवरा दर संध्याकाळी हवामान खात्याचा अंदाज बघायला लागला. पिकाची काळजी असेल असे माळ्याला वाटले. प्रत्यक्षात राखणदार अजून कामावर रुजू झाले नव्हते, आणि कळ्या तर फुटायला लागल्या होत्या.